फक्त बायको

फोन वाजला तेव्हा अंजूचे दोन्ही हात शेणात होते आणि फोन इंद्रकुमारच्या खिशात. गाईच्या कोठ्याच्या दारातून तिला घरापुढच्या छपरीत बसलेला नवरा दिसत होता. त्याने चहाचा कप खाली ठेवला, नंबर पाहिला, ओळखीचा नाही म्हणून कपाळाला आठ्या घातल्या आणि मग उचलला.

"हॅलो. कोन बोलून राहिले?"

पलीकडचं काही ऐकू येत नव्हतं. अंजूने शेणाचं टोपलं खाली ठेवलं आणि गाईच्या खुंट्याला टेकून उभी राहिली.

"हो हो, संस्थेचे. बोला ना सर. अंजू फुंडे? हाये ना, घरीच हाये." तो उठून कोठ्याच्या दाराशी आला. "अवो, सर्व्हेवाले सर हायेत. तुह्याशी बोलाचं म्हनते."

"माहे हात पाहा ना कसे हायेत."

"मंग मी धरतो," इंद्रकुमार म्हणाला. त्याने स्पीकर चालू केला आणि फोन तिच्या तोंडासमोर धरला.

"नमस्कार ताई, मी हेमेंद्र बोलतो. मागे तुमची मुलाखत झाली ना, तिच्या तपासणीचा फोन आहे. चारपाच प्रश्न फक्त. तुम्ही आत्ता एकट्याच आहात ना?"

इंद्रकुमारला गंमत वाटली. त्याने तिला मानेने खुणावलं, म्हण हो.

"हो," अंजू म्हणाली.

पहिले दोन प्रश्न साधे होते. घरात माणसं किती, बचत गटाच्या बैठकीला जाता का. तिसरा तोच आला. बारा दिवस ती या प्रश्नाला भीत होती.

"यंदाच्या खरिपात कोणत्या बांधीत कोणतं बियाणं टाकायचं, हे कोणी ठरवलं? फक्त नवऱ्याने, फक्त बायकोने, दोघांनी मिळून, की आणखी कोणी?"

फोन तिच्या ओठांपासून वीतभर होता आणि फोनमागे नवऱ्याचा चेहरा.

"घरवाल्यानं," ती म्हणाली.

"फक्त त्यांनीच? नक्की ना ताई?"

"हो. नक्की."

मग "बरं" म्हणून त्या हेमेंद्र सरांनी उरलेलं विचारून घेतलं आणि फोन ठेवला. इंद्रकुमारने स्क्रीन पॅन्टच्या मांडीला पुसली. बाप हातातलं काहीही धोतराला पुसायचा, ती सवय.

"हेच विचारासाठी पगार भेटते काय यायले?" तो हसला आणि राइस मिलमध्ये ड्युटीला निघून गेला.

अंजूने पुन्हा टोपलं उचललं. सुंठीवाचून खोकला गेला, असं तिने स्वतःला दोनदा सांगितलं.

गोष्ट अशी होती. संस्थेचा गावात दोन वर्षांपासून कार्यक्रम होता, लहान शेतकऱ्यांच्या बायकांसाठी. त्या बायका आता किती सक्षम झाल्या हे मोजायला पोळ्याच्या आधी माणसं आली. नवराबायकोला वेगवेगळं विचारायचं, एकाचं दुसऱ्याच्या कानावर पडू द्यायचं नाही, असा नियम. एका माणसाने इंद्रकुमारला छपरीत बसवलं आणि साक्षी नावाच्या मुलीने अंजूला. पण घरात भिंती अर्ध्याच, त्यात सासू देवकाबाई कानाने तिखट. शेवटी दोघी कोठ्यात गेल्या. साक्षी आमगावची, बावीसतेवीसची, उलट्या बादलीवर मांडी आवरून बसली. मांडीवर टॅब.

आधी तिने काल पहाटे चारपासून आज पहाटे चारपर्यंत काय काय केलं ते पंधरापंधरा मिनिटांच्या हिशेबाने विचारलं. अंजूला हसू आलं. "पंधरा मिनिटात एकच काम कुठं होते वं? चूल फुकता फुकता मी गाय बी पाहतो, पोरीचा डबा बी भरतो." साक्षी म्हणाली, टॅब दोनच कामं घेते, तिसरं घेत नाही. तर तिसरं सोडून दिलं.

मग बियाण्याचा प्रश्न आला, आणि अंजूच्या तोंडातून खरं निघून गेलं. असं कसं गेलं हे तिलाच कळलं नाही. त्या मुलीने विचारलं आणि विचारून ती गप्प बसली, उत्तर काय येईल याची ती खरोखर वाट पाहत होती. अंजूला कुणी असं कधी विचारलं नव्हतं. "मीनं ठरवलं," ती म्हणाली. "माथ्याच्या बांधीचं मीनं ठरवलं."

माथ्याची बांधी म्हणजे त्यांच्या शेतातला सगळ्यात उंचावरचा तुकडा, बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पलीकडचा. दसऱ्याच्या सुमाराला तिथलं पाणी आटतं, आणि उशिरा येणारा भारी धान दाणा भरायच्या आत कोरडा पडतो. तीन वर्षं अंजूने तिथून पोचट लोंब्या कापल्या होत्या. तिथे लवकर निघणारा हलका धान टाका, असं तिने दोनदा बोलून पाहिलं. इंद्रकुमार म्हणाला, "बापानं भारीच टाकला, मी बी भारीच टाकतो." शेत तो रविवारी पाहायचा, तेही रस्त्याकडून. तर या वर्षी अंजूने गटातल्या एका बाईकडून एका दिवसाच्या रोवण्याच्या, म्हणजे रोपं लावून देण्याच्या, बदल्यात हलक्या धानाचं बी आणलं, पऱ्ह्याच्या, म्हणजे रोपं वाढवायच्या वाफ्याच्या, एका कोपऱ्यात वेगळं टाकलं आणि जुलैत माथ्यावर लावून मोकळी झाली. रोवण्याच्या बायांनी पाहिलं. त्यांना कळलंच. पण बाया असल्या गोष्टी नवऱ्यांना सांगत नाहीत. रोपटी सगळी हिरवी, एकासारखी एक. सहा आठवडे भीती नव्हती.

कोठ्यातून उठताना मात्र आपण काय बोलून बसलो ते तिला उमगलं. "ते खोडता येत नाही काय वं?" तिने विचारलं. साक्षीने टॅब दाखवला. "ताई, ते वर गेलं." वर म्हणजे कुठे, हे साक्षीलाही ठाऊक नसावं. नाव कुठे दिसणार नाही, घरात कळणार नाही, असं तिने शपथेवर सांगितलं. फक्त दहातल्या एका घराला तपासणीचा फोन येतो. फॉर्मवर नंबर होता तो इंद्रकुमारचा. दुसरा नव्हताच.

आणि भीती कशाची, तर मारझोडीची नव्हे. इंद्रकुमारने हात कधी उचलला नाही, आणि हे देवकाबाई शेजारणींना अभिमानाने सांगायची. तो वेगळं करायचा. तीन वर्षांपूर्वी गटाच्या बाया नागपूरला शेतीचं प्रदर्शन पाहायला निघाल्या. अंजूने न विचारता यादीत नाव दिलं. ते त्याला पानठेल्यावर दुसऱ्याकडून कळलं. दुसऱ्या दिवशी त्याने तिला गाडीवर बसवलं, देवरीच्या पलीकडे तिच्या माहेरच्या अंगणात उतरवलं आणि पाण्याचा ग्लासही न घेता परत फिरला. खुशी तेव्हा तेरा वर्षांची होती. ती इकडेच. "पोरगी माह्या घरची हाये," एवढंच तो म्हणाला होता. चार महिने. माहेरून फोन केला की देवकाबाई उचलायची, पोरगी झोपली म्हणायची, मग ती सकाळ असो की संध्याकाळ. चार महिन्यांनी त्याला वाटलं तेव्हा तो घ्यायला आला. परत आल्यावर खुशी आठवडाभर आईशी बोलली नाही. तो आठवडा अंजूला त्या चार महिन्यांपेक्षा जड गेला होता.

फोननंतर चौथ्या दिवशी अंजू माथ्याच्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, गवत कापत होती. हलका धान निसवायला लागला होता. आज इथे एक लोंबी, उद्या तिथे चार. खालच्या सगळ्या बांध्या अजून नुसत्या हिरव्या आणि ही एकच माथ्यावर फिकट, पिवळट. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं. तिला वाटे, ही बांधी आमगावच्या स्टेशनवरूनही दिसत असेल.

धुऱ्याधुऱ्याने साक्षी येताना दिसली. सँडल हातात, सलवार पोटरीपर्यंत चिखलाने भरलेली.

"गाडी डांबरीवर लावली," ती म्हणाली. मग सँडल खाली ठेवल्या. "ताई, तुमी फोनवर दुसरं सांगतलं ना?"

अंजूने विळा थांबवला. "त्यायच्या हातात होता फोन. माह्या तोंडासमोर."

"मले वाटलंच." साक्षी धुऱ्यावर बसली. "माहे तीन फॉर्म जुळले नाही. तिन्ही घरी फोन नवऱ्याचाच. सर म्हनते, तू घरी बसून भरले. मी म्हनलं, सर, मी कोठ्यात बसली होती, गाईनं माही ओढनी खाल्ली. ते म्हनते, गाईची सही आन."

अंजूला हसू आलं आणि लगेच लाज वाटली, कारण साक्षीचे डोळे भरले होते.

"मंग आता?"

"दोन घरं तर बोलाले तयारच नाही. तुमच्याकडे रविवारी सर सोता येनार हायेत. तुमचा फॉर्म जुळला तर बाकीचे बी मानतो म्हनाले. नाही तर मले काढतीन. नुसतं काढत नाही ताई, खोटे फॉर्म भरनारी म्हनून नाव लावते. मंग कोनीच घेत नाही. माह्या घरी नोकरी लागलेली मी पयलीच हाये."

"तुह्या सराले सांग ना, मले एकलीले विचारा म्हनून. कोठ्यात."

"ते मानूस हायेत ताई. तुमच्यासंग कोठ्यात कसे बसतीन? गाव काय म्हनन?"

हे खरंच होतं. बाईला एकटीला विचारायचं, तर विचारणारी बाई पाहिजे. आणि बाईने विचारलेलं खरं की खोटं हे ठरवायला माणूस येणार, तो छपरीत सगळ्यांसमोर विचारणार. अंजूने विळ्याचं पातं गवतावर पुसलं. या पोरीची दया येत होती आणि रागही येत होता. ही आलीच नसती तर? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"तुमी खरं सांगा असं मी म्हनत नाही," साक्षी उठताना म्हणाली. "मले समजते." आणि मग तिने बांधीकडे पाहिलं. शेतकऱ्याचीच पोर, तिला समजायला वेळ लागला नाही. "हे निसवून राहिलं काय?"

"हो."

"ते दिसन ना आता."

"दिसनच," अंजू म्हणाली.

रविवार उजाडेपर्यंत अंजूने पुन्हा पुन्हा हिशेब करून पाहिला. इंद्रकुमारला शेतात कळलं, तर बियाण्याची भेसळ झाली, दुकानदाराने फसवलं असं म्हणता आलं असतं. तसं दरवर्षी एखाद्याचं होतंच. ही एक वाट तिने आपल्यासाठी राखून ठेवली होती. पण छपरीत तोंडाने कबूल केल्यावर ती वाट बंद. एकीकडे खुशी, दुसरीकडे ती चिखलात चालत आलेली मुलगी. आपली पोर ती आपली पोर, असं तिने मनाशी ठरवलं, आणि ठरवूनही तिला झोप लागली नाही.

हेमेंद्र सर नऊ वाजता आले. चाळिशीचा, घामाघूम झालेला, सभ्य माणूस. हेल्मेट कुठे ठेवावं हे त्यांना कळत नव्हतं. साक्षी त्यांच्या मागे होती आणि तिला फाटकाशीच उभं राहायला सांगितलं होतं. इंद्रकुमारने खुर्ची दिली. देवकाबाई भिंतीला टेकून सुपारी कातरत बसली. खुशीने चहा आणला आणि कप ठेवून आत गेली.

"भाऊ, तुम्ही पाच मिनिटं बाहेर बसता का? नियम आहे तसा."

"माह्याच घरातून मी काऊन बाहेर जाऊ सर?" इंद्रकुमार हसत म्हणाला. "विचारा ना, आमच्यात लपवाछपवी नाही."

सरांनी एकदा घड्याळ पाहिलं आणि नियम सोडून दिला. टॅब उघडला. "ताई, यंदा कोणत्या बांधीत कोणतं बियाणं, हे कोणी ठरवलं?"

"मीनंच," इंद्रकुमार म्हणाला.

"ताईंना बोलू द्या."

अंजू दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिला फाटकाशी साक्षी दिसत होती. साक्षी तिच्याकडे पाहत नव्हती, खाली जमिनीकडे पाहत होती. खुणावलं असतं, हात जोडले असते, तर अंजूला नाही म्हणणं सोपं गेलं असतं. पण ती मुलगी नुसती उभी होती, आणि आपल्याला हाकलतील हे ती धरूनच चालली होती.

"मीनं," ती म्हणाली.

"काय मीनं?" इंद्रकुमारने विचारलं.

"माथ्याच्या बांधीत हलका लावला. मीनं."

देवकाबाईचा अडकित्ता थांबला. इंद्रकुमार तिच्याकडे पाहत राहिला. त्याचा चेहरा आधी कोरा झाला, मग कानापर्यंत लाल. परक्या माणसासमोर, आपल्याच शेतात काय उभं आहे हे आपल्याला ठाऊक नाही, हे त्याला आत्ता कळलं होतं. आणि मग तो एकदम मोठ्याने हसला.

"हो ना! विसरलोच मी. आमी दोघांनं मिळूनच ठरवलं होतं सर. लिहा, दोघांनं मिळून."

अंजूला ते लगेच समजलं. त्याने अब्रू वाचवली होती, स्वतःची आणि तिचीही. एक दार उघडं ठेवलं होतं. तिने नुसती मान हलवली की झालं. दोघांनी मिळून, यासारखं चांगलं उत्तर नाही, त्याला गुणही चांगले असतील. सरांनाही ते आवडलं. त्यांचं बोट टॅबवर थांबलं.

"मग दोघं मिळून असं लिहू ना ताई?"

फाटकाशी साक्षीने डोळे मिटून घेतले. तिच्या फॉर्मात ते नव्हतं.

अंजूला भीती वाटली, तरी तिने चौकट सोडली.

"नाही सर. यायले ठाऊक नोहतं. मी एकलीनं ठरवलं. ह्या पोरीले मीनं तेच सांगतलं होतं, कोठ्यात. फोनवर मीनं खोटं सांगतलं."

"फक्त बायको," सर पुटपुटले आणि बोट टेकवलं. नंतर त्यांनी काय काय विचारलं ते अंजूला आठवत नाही. अंगठा घेतला. उठताना त्यांनी इंद्रकुमारला हात जोडले, इंद्रकुमारने जोडले नाहीत. साक्षी फाटकातून बाहेर पडताना एकदा वळली.

इंद्रकुमार गाडी काढून शेताकडे गेला. तासाभराने परत आला तेव्हा त्याच्या हातात एक लोंबी होती. ती त्याने आईच्या पुढ्यात टाकली.

"पाय माय. अख्ख्या गावाले ठाऊक होतं. मलेच नाही." मग अंजूकडे न बघता, आवाज न चढवता म्हणाला, "कपडे भर. देवरीले सोडून देतो."

"मी चुकली असन तर..."

"भर म्हनलं ना. खुशी इथंच राहीन. तिची शाळा हाये."

अंजू आत गेली. तिने खुंटीवरून बॅग काढली, साड्या घडी करायला घेतल्या, पण घडी जमेना. त्याच साडीची तिने तीनदा घडी घातली आणि तीनदा उलगडली. आता खुशी सोळाची. मागे चार महिन्यांपायी आठ दिवसांचा अबोला झाला होता, या वेळी किती होईल? या वेळी तो घ्यायला येईल कशावरून? एका परक्या पोरीच्या नोकरीसाठी आपण आपली पोर सोडली, असं तिला वाटलं आणि ती पलंगाच्या कडेला बसली. तिला रडूही येत नव्हतं. साक्षीची मनापासून चीड आली.

छपरीत त्याने गाडीला किक मारून पाहिली आणि बंद केली. "झालं काय?"

अंजू बॅग घेऊन बाहेर आली. तिच्या मागून खुशी आली. खुशीच्या पाठीवर शाळेचं दप्तर होतं, चेन लागत नव्हती इतकं भरलेलं, आणि हातात कपड्यांची दुसरी बॅग. बॅग तिने आईच्या बॅगेशेजारी ठेवली.

"तू कुठं?" इंद्रकुमारने विचारलं.

"मम्मीसंग."

"शाळा कोन करन?"

"देवरीले बी अकरावी हाये. दाखला दोन दिवसात देते. मीनं शाळेच्या सरांले विचारून ठेवलं हाये."

"आता? सकाळपासून घरातच तर होती तू."

"आता नाही." खुशी चपलेचा पट्टा लावत होती. तिने वर पाहिलं नाही. "जुलैमंदी विचारलं. मी रोवण्याले गेली होती ना रविवारी, तवा रोपाच्या काही पेंढ्या वेगळ्या ठेवलेल्या दिसल्या. मले समजलं का मम्मीनं बियानं बदललं. दुसऱ्या दिवशी जाऊन विचारलं."

अंजू पोरीकडे बघत राहिली. जुलै, ऑगस्ट आणि अर्धा सप्टेंबर. ही इथेच जेवत होती, इथेच झोपत होती, डबा घेऊन शाळेत जात होती, आणि एक अक्षर बोलली नव्हती. अंजूला वाटत होतं भीती आपली एकटीची आहे. आपण भ्यायच्याही आधीपासून ही भीत होती, आणि हिने त्या भीतीत दाखल्याची चौकशी करून ठेवली. अंजूच्या हातातून बॅगेचा बंद सुटला.

"पोरी," देवकाबाई म्हणाली, "असं नसते करत वं. बापाचं घर हाये हे."

"मी भांडत नाही आजी. मी नुसती जाऊन राहिली."

इंद्रकुमार गाडीशी उभा होता. त्याने मुलीकडे पाहिलं, मग देवकाबाईकडे, मग जमिनीवरच्या बॅगांकडे. त्याने हात गाडीच्या सीटवर टेकवला, उचलला आणि पुन्हा टेकवला. तिने त्याला असा कधी पाहिला नव्हता. तोही भ्याला होता.

"दोन बॅगा गाडीवर मावत नाही," तो शेवटी म्हणाला.

त्याने किल्ली काढून खिशात टाकली, पायात चपला सरकवल्या आणि पायीच फाटकातून बाहेर पडला. तो शेताकडे गेला की पानठेल्याकडे, ते वळणामागे दिसलं नाही.

खुशी दप्तर पाठीवर घेऊनच छपरीच्या पायरीवर बसली. ते तिने उतरवलं नाही, आणि अंजूने उतरव म्हटलं नाही. बॅगा होत्या तिथेच राहिल्या. देवकाबाई त्यांना वळसा घालून पाणी प्यायला आत गेली.

साडेअकरा वाजून गेले होते. अंजूने चूल पेटवली, तांदूळ निवडला आणि धुवायला घेतला. दोघींचा टाकावा, तिघींचा, की चौघांचा, तिला कळेना. मग तिने चौघांचा टाकला.